स्वस्तातली लाल वाइन

धाकटा : ती बाटली बघ आधी, ताई. मग बोल.

ताई : बघितली. आपलीच आहे. बस जरा, लांबून आलायस.

धाकटा : बसायला नाही आलो. काल ऑफिसातल्या मित्राकडे जेवायला होतो. त्याने ही उघडली. म्हणे, घरगुती मळ्यातली लाल वाइन, कोपऱ्यावरच्या दुकानात अचानक सापडली, एवढ्या स्वस्तात अशी चव मिळत नाही. मीही मान डोलावली. दुसरा ग्लास मागून घेतला. मग बाटली फिरवून बघतो, तर मागे आपल्या मळ्याचा पत्ता.

ताई : म्हणजे आवडली.

धाकटा : ग्लास तिथेच ठेवून उठलो मी. फोनवर काय सांगितलं होतंस? वेली उपटल्या म्हणून.

ताई : हो. खोटं सांगितलं.

धाकटा : किती सहज म्हणतेस. बाबा ज्या टाकीत गेले, त्याच टाकीत तू पुन्हा द्राक्षं आंबवतेस?

ताई : त्याच. टाकीने नाही मारलं त्यांना. आंबताना वायू साठतो, त्याला ना रंग, ना वास. आणि बाबा चोथा काढायला एकटेच उतरले, कुणाला हाक न मारता.

धाकटा : म्हणजे चूक बाबांचीच.

ताई : होती. आता मी पंखा लावते, हवा तपासते, मगच उतरते. तू त्यांना पोचवून दुसऱ्या दिवशी निघालास, जाताना दारातून ओरडलास, ‘सगळं उपटून टाक.’ मग मी काय करायचं होतं इथे? भिंतींकडे बघत बसायचं?

धाकटा : आणि वर हा भाव. ज्याच्यापायी बाप गेला, ते तू मातीमोल विकतेस.

ताई : बाबांच्या जिवाची किंमत बाटलीवर लावू? किती लावू, तूच सांग. आम्ही दोघी राबतो, मध्ये दलाल नाही, म्हणून स्वस्त पडते. शाळेतल्या मास्तरांना आणि दवाखान्यातल्या नर्सबाईला परवडते. त्यात बाबांचा अपमान कुठे झाला?

धाकटा : दोघी? आईला माहीत आहे हे?

(आई आत येते. बोटांना गोंद लागलेला.)

आई : लेबलं मीच चिकटवते. तिच्यावर ओरडू नकोस. खोटं बोलायला मीच सांगितलं होतं तिला.

धाकटा : आई, तूसुद्धा?

आई : फोन केलास की एवढंच विचारायचास, ‘विकलं का?’ म्हटलं, खरं कळलं तर तेवढाही फोन यायचा नाही.

धाकटा : मी चिडू नको तर काय करू? बाप गेला माझा तिथे.

आई : आणि माझा नवरा. हिने टाकी पुन्हा भरली, त्या दिवशी मी जेवणाचं ताट भिंतीवर फेकलं. राग काय तुला एकट्यालाच येतो?

ताई : अबोला धरला होता माझ्याशी. दळणाचं काम असलं तरी शेजारणीकडून निरोप.

धाकटा : मग मान्य कसं केलंस?

आई : मान्य कुठे केलंय? अजून एकटी तिकडे फिरकत नाही मी. पण ही आत उतरायला निघाली, आणि घरात बसवेना मला. जाऊन टाकीच्या तोंडाशी वर उभी राहिले. ही आतून बोलत राहते, मी वरून ओ देते. आवाज थांबला की ओरडायचं, असं ठरलंय.

धाकटा : शिडी चढून? तुझे गुडघे वाकत नाहीत धड.

आई : चढते बसत-उठत. वर कुणीतरी लागतंच.

धाकटा : आता टाकीत कधी उतरणार?

ताई : येत्या रविवारी. का?

धाकटा : माझा राग गेलेला नाही, ताई.

ताई : राहू दे. कोण काढून घेतंय?

धाकटा : रविवारी आईला शिडी चढू देऊ नकोस. मी येतोय.