अकरा नारळ आणि एक इंजेक्शन

समारंभाचे अध्यक्ष माननीय प्रभाकर वकीलसाहेब, व्यासपीठावरची थोर मंडळी, सत्कारमूर्ती सुमतीबाई, आणि कोळीवाड्यातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

तीस वर्षं या वस्तीला सुया टोचून नर्सबाई आज निवृत्त होतायत. मग निरोपाला बोलायला हा विश्राम कशाला, ज्याने त्यांना कोर्टात खेचलं? बाईंनीच माझं नाव सुचवलं म्हणे. हौस बघा.

सत्त्याऐंशी साल. शिंगाळा माशाचा काटा माझ्या तळहातात घुसला, बाईंनी उजव्या दंडात धनुर्वाताची लस टोचली. दंड टम्म सुजला. आठ दिवस बाई घरी येऊन शेकत होत्या, सूज उतरली. पण तोवर अध्यक्षसाहेबांची माझी गाठ पडली होती. साहेब, पाणी घ्या. हात कायमचा गेला असं लिहू, पन्नास हजार भरपाई मिळेल, असं त्यांचं मत पडलं. मला होडीला नवं इंजिन दिसायला लागलं. दोन वर्षं मी हात गळ्यात बांधून तारखांना गेलो. तिकडे बाईंवर चौकशी बसली. दावा माझ्या बाजूने लागला असता तर त्यांची नोकरीच जाणार होती. बायको जनी विचारायची, मग तुला जेवण जाईल का? मी ऐकतोय कसला.

आली नारळी पौर्णिमा. आमच्यात त्या दिवशी नारळावर नारळ आपटायची पैज लागते, ज्याचा फुटला तो हरला. आता पौर्णिमेचा नारळ हातात आल्यावर कोणाला दावा आठवतो? फडकं सोडून मी याच हाताने अकरा जणांचे नारळ फोडले. वळून बघतो तर जनीने बोलावलेल्या सुमतीबाई टाळ्या वाजवत उभ्या!

पुढच्याच आठवड्यात त्यांची साक्ष. म्हटलं, मेलो. न्यायाधीशांनी विचारलं, इंजेक्शनने त्रास झाला होता का? बाई म्हणाल्या, झाला होता, दंड खूप सुजला होता. त्यांच्याच वकिलाने कपाळाला हात लावला. नारळाचं अवाक्षर नाही. मग न्यायाधीश म्हणाले, आता हात कसा आहे?

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ते विश्रामभाऊच सांगतील."

फार लाज वाटली हो. मी गळ्यातलं फडकं काढलं आणि अकराच्या अकरा नारळ सांगून टाकले. न्यायाधीशांनी सगळ्यांसमोर झापलं, दावा गेला, इंजिन राहिलं. बाईंची नोकरी वाचली.

बाई, हे श्रीफळ उजव्या हाताने देतोय, फोडणार नाही. मंडळी, शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर आपण पोटात घालावं. बाईंना मी हे सांगत नाही. त्यांनी तेव्हाच घातलंय.