गुरुजींची लेक कालव्यापलीकडे

मंडळी, नामस्मरण करूच, पण आधी एक साधा प्रश्न. दुसऱ्याच्या लेकराला आपण जे चांगलं म्हणून देतो, ते आपल्या लेकराला देतो का? — हात वर करू नका! पुढच्या दोन रांगांना मी चांगला ओळखतो. नुसतं ऐका.

शहराच्या कडेला एक कालवा. अलीकडं जिल्हा परिषदेची शाळा, पलीकडं एका संस्थेची. दोन्हीकडं नियम एकच — आधी आपल्या बाजूची मुलं, जागा उरली तर दुसऱ्या बाजूची. संस्थेच्या शाळेत जागा कधी उरत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरते. म्हणून पलीकडचे फ्लॅट महाग! घर बघायला आलेली माणसं नळाला पाणी येतं का ते विचारत नाहीत. विचारतात, हद्द कुठल्या शाळेची? — देवळाची हद्द आजवर कुणी विचारली नाही. असो.

तर अलीकडच्या शाळेत खरमाटे गुरुजींनी तीस वर्षं काढली. दर जूनला ते दारोदार फिरायचे. आयाबायांना सांगायचे, पोरं आपल्याच शाळेत घाला, लांब कशाला पाठवता. अर्ध्या वस्तीनं त्यांच्या शब्दावर पोरं घातली. पुढं गुरुजी निवृत्त झाले, सत्कार झाला, शाल मिळाली. — शाल सगळ्यांनाच मिळते, मलाही आज मिळणार आहे.

निवृत्तीला चार वर्षं झाली आणि गुरुजींची लेक शर्वरी, जावई हेमंतराव त्याच भागात घर घ्यायला आले. नात गार्गी यंदा पहिलीत जाणार. दोन फ्लॅट पसंत पडले, एक कालव्याच्या या अंगाला, एक त्या अंगाला. बिल्डर जून संपेपर्यंत थांबायला तयार होता. जावई पलीकडं झुकलेले. गुरुजी म्हणाले, अलीकडचं घ्या, मोठं आहे, आमच्या घराजवळ आहे, आणि शाळा काय, आपलीच आहे.

मे महिना होता, शाळेला सुट्टी. तरी गुरुजी दोघांना घेऊन गेले. रंग दाखवला, नवा नळ दाखवला, खिडकीतून फळा दाखवला. गुरुजी बोलत होते, जावई मान हलवत होते. शर्वरी पायरीवर बसून राहिली. मग सावकाश म्हणाली,

"अण्णा, मी कुठल्या शाळेत होते?"

मंडळी, प्रश्न साधाच!

पण लेक पलीकडच्या शाळेत शिकलेली. मामाचा पत्ता लावून घातलेली. रोज सकाळी गुरुजी तिला पुलापर्यंत सोडायचे आणि बजावायचे, कुणी विचारलं तर सांग, मामाकडं राहते. सहा वर्षांच्या पोरीला पाढे पाठ व्हायच्या आधी हे पाठ झालं होतं. आणि तिला सोडून गुरुजी वळायचे ते थेट वस्तीवर, लोकांची पोरं गोळा करायला.

जावयांना यातलं काही माहीत नव्हतं. ते बिचारे नवा नळ बघायला गेले.

शर्वरीनं विचारलं, "का घातलं होतं मला तिकडं?"

गुरुजी खिडकीतून फळ्याकडं वळले. मग म्हणाले, "इथली शाळा कशी आहे ते मला ठाऊक होतं, बाळ. शिकवणारा मीच होतो."

ती चिडली नाही. तिनं एवढंच विचारलं, की आता शाळा कशी आहे? आणि गुरुजींच्या लक्षात आलं, आपल्याला माहीत नाही! चार वर्षांत ते आत गेलेच नव्हते. रंगही त्यांनी रस्त्यावरूनच पाहिला होता.

जूनमध्ये शाळा उघडली. गुरुजींनी तिथं शिकवणाऱ्या सोनवणे बाईंची परवानगी काढली आणि आठवडाभर मागं भिंतीला टेकून बसले. बाई एकट्या, वर्ग दोन, पहिली आणि दुसरी. छताला एका कोपऱ्यात गळती. गुरुजी सगळं बघत होते. तिसऱ्या दिवशी दुसरीतली एक मुलगी पाटी दाखवायला उठली आणि म्हणाली, "आई, झालं." वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "इथं बाई म्हणायचं." आणि पाटी तपासली. दोन गणितं चुकली होती, ती परत करायला लावली.

मधल्या सुट्टीत गुरुजींनी विचारलं, की बाई, तुम्ही तर पलीकडं राहता. ती शाळा दारात आहे. मुलीला पूल ओलांडून इथं का आणता?

बाई डबा उघडत म्हणाल्या, "तिकडं घातलं तर इथं मला कंटाळा करायची सोय होते, गुरुजी. ही समोर बसली की होत नाही."



त्या संध्याकाळी ते लेकीकडं गेले. एक बाई, दोन वर्ग, गळकं छप्पर, काही लपवलं नाही. मग म्हणाले, "बाईंची स्वतःची मुलगी त्याच वर्गात बसते. माझी बसली नव्हती. आता तू ठरव."

दोन दिवस नवराबायकोचं बोलणं चाललं. शेवटी घर अलीकडं घेतलं. गार्गीचं नाव घालताना अर्जावर पत्ता शर्वरीनं स्वतः लिहिला. खरा. पहिल्या पावसात वर्गात पाणी आलं, तेव्हा जावईच शिडी घेऊन वर चढले. कौल त्यांना बसवता आला नाही, पण चढले.

आता मंडळी, गुरुजींना हसू नका. दूधवाले, तुमच्या घरात कुठलं दूध येतं? डॉक्टरसाहेब, तुमच्या आईला तुम्ही कुणाकडं नेता? आणि मी — जगाला कीर्तनाला बोलावतो. माझा मुलगा कुठं आहे? घरी आहे. मीच म्हणालो त्याला, तू अभ्यास कर, तिथं येऊन काय करणार?

टाळ उचला. मला घरी जाऊन बोलायचं आहे.