अठ्ठ्याण्णवावा मजला

सून : नको, तो खोका फोडूच नका. परत देता येईल.

नवरा : अगं, वाढदिवसाला आणलाय! तुझाच तो शंभर मजल्यांच्या मनोऱ्याचा व्हिडिओ गेम, नव्या यंत्रासाठी. नवे रंग, नवं संगीत.

सून : आणि खेळ तोच! तिसऱ्यांदा विकतायत, अहो. साडी तीच, फक्त घडी बदललेली. दर वेळी पहिल्या मजल्यापासून चढायचं. माझी जुनी नोंद नव्या यंत्रात घ्या, म्हणून दोनदा लिहिलं कंपनीला. उत्तर काय आलं? ‘नव्याने चढण्याचा आनंद घ्या.’

सासरे : कितव्या मजल्यावर होतीस?

सून : अठ्ठ्याण्णवाव्या, बाबा. बारावीच्या तोंडावर आईने यंत्र माळ्यावर टाकलं ते टाकलंच. परवा माहेरून आणलं, लावलं, तर खेळातली माझी पोरगी तिथेच उभी!

सासरे : फार दिवस उभी राहायची नाही. मघाशी खेळाच्या कॅसेटमधल्या बॅटरीला मीटर लावलं, तिच्यावरच तुझी नोंद टिकून आहे. जेमतेम तग धरून आहे.

नवरा : मग बदला बॅटरी. त्यात काय एवढं!

सासरे : जुनी काढली की सगळी नोंद पुसली जाते, शहाण्या. म्हणून यंत्र चालू ठेवूनच बदलायची. तेवढ्यापुरती वीज यंत्र पुरवेल.

नवरा : बाबा, तुम्ही रेडिओ दुरुस्त करायचात.

सासरे : वीज तीच रे. तिची नवी आवृत्ती निघत नाही.

नवरा : पण तुमचा हात...

सासरे : थरथरतो. ते खरंय. सूनबाई, तीन वर्षांत हत्यार धरलेलं नाही मी. कथील भलतीकडे ओघळलं, तर तुझे अठ्ठ्याण्णव मजले गेले म्हणून समज.

सून : काही केलं नाही तरी जाणारच आहेत ना? मी मनगट धरते. तुम्ही टोकाकडे बघा.

(टेबलावरचा दिवा खाली ओढला जातो. उघडी कॅसेट चालू यंत्रात उभी आहे.)

सासरे : सोल्डरिंगचं हत्यार तापलं? आता त्याची पिन भिंतीतून काढ. टेकवताना त्यात वीज नको. आणि तू, यंत्राच्या वायरीपासून लांब हो!

नवरा : झालो. श्वाससुद्धा रोखलाय.

सासरे : सूनबाई, मनगट घट्ट धर. अजून. हं... सुटली जुनी. पडदा बघ.

सून : आहे! पापण्या मिचकावतेय.

सासरे : नवी दे. अधिकची बाजू वर ना? नीट बघून सांग, माझा चष्मा वाफाळलाय.

सून : वरच आहे. थोडं डावीकडे... बस्स, इथेच.

सासरे : चिकटली. आता यंत्र बंद कर.

सून : बंद? नको, बाबा! चालूच राहू दे ना.

सासरे : जन्मभर चालू ठेवणार आहेस? बंद करून परत लावल्याशिवाय दुरुस्ती झाली असं मी कुठल्याच गिऱ्हाइकाला सांगितलं नाही. कर.

सून : केलं.

नवरा : दहा आकडे मोज.

सून : मोजवत नाहीये. लावते... अठ्ठ्याण्णव! बाबा, अठ्ठ्याण्णव! जसंच्या तसं!

नवरा : वा, बाबा! मानलं!

सासरे : ओरडू नका रे. शेजारी येतील, मिक्सर घेऊन.

नवरा : आणि कंपनीने चौथ्यांदा आणला तर?

सून : आणू दे, दहांदा आणू दे! आपल्या घरात बाबा आहेत.

नवरा : थांब, शंभराव्या मजल्यावर काय आहे ते फोनवर बघून सांगतो.

सून : खबरदार! ठेवा तो फोन खाली.

सासरे : मला एक सांग, एवढं वर चढून ही पोरगी भेटणार कोणाला?

सून : ते मलाही अजून ठाऊक नाही, बाबा. जरा सरकून बसा, दोघं मिळून बघू.