खांद्यावर टेकवलेला झूम

वडील गेल्यावर त्यांचा कॅमेरा पाच महिने कपाटात पडून होता. तो विकायला आसावरी चंदीगडच्या सेक्टर सतरामधल्या कॅमेऱ्यांच्या दुकानात आली, तर पुढे एक वयस्कर जोडपं चक्क मराठीत वाद घालत होतं.

"अहो, हातात तर घ्या. वेगळी लेन्स लावायला नको, ह्यातच सगळा झूम आहे. सुखना तळ्यावरची बदकं अगदी जवळ दिसतील."

"हात थरथरतो माझा, सरला. एवढ्या झूमला बदकाचा नुसता ढग येईल."

"म्हणून तळ्याकडे फिरकायचंच नाही?"

"सरजी, स्टँड दिखाऊँ?" दुकानदाराने विचारलं.

"स्टँड है जी," म्हणत सरलाबाई नवऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "टेकवा खांद्यावर. समोरच्या गच्चीवरचं कबूतर घ्या."

"उंची बरोबर आहे तुझी."

"चाळीस वर्षांनी कळलं होय!"

"बोलू नकोस, हलतेस. श्वास रोख."

"रोखला."

"बोलून कसला रोखलास?"

खटका वाजला. आपणही श्वास रोखला होता, हे आसावरीला तेव्हा कळलं.

"अगं, डोळा बघ त्याचा! केशरी!"

"मग घ्यायचा ना?"

"घेऊ. पण दर वेळी तू यायचंस."

"स्टँड घरी ठेवून कोण जातं, अहो?"

दुकानदार आसावरीकडे वळला. "हाँ जी, आपको बेचना था ना?"

तिने पिशवीतला कॅमेरा काचेवर ठेवला. पट्टा मात्र हातातून सोडला नाही.

"नहीं जी. इसकी बैटरी मिलेगी?"