कृष्णाबाईंचा कोयता

सत्तावन्न सालची गोष्ट. लोकसभेच्या निकालात घोळ झाला म्हणून पनवेलात मोर्चे निघत होते. एसटीच्या रांगेत माझ्यापुढे कचेरीतले कारकून हायम, कोकणातले बेने इस्रायली ज्यू, आणि बाजारातली कोळीण कृष्णाबाई.

"कृष्णाबाई, पेपरात तुमचा फोटो आलाय."

"माजा? बगू! आन् म्होरं हात जोडून तुमी!"

"खाली छापलंय, 'निकालावरून बाजारात दंगल. संतप्त महिलेने कोयता उगारला.'"

"कोयता? रावस हाय तो! तुमा इस्रायल लोकांना बिनखवल्याची मासळी चालत नाय, म्हणून वर धरून दाखवला."

"तेच साहेबांना सांगितलं. म्हणाले, सरकारी नोकर मोर्चात कशाला गेला?"

"मोर्चा तं आपल्या मागून चालला व्हता. पन तुमी हात का जोडले?"

"तुम्ही भाव सांगितलात म्हणून."

"मंग आता?"

"आता नोकरी जाते माझी. अहो, तो पाहा, तोच फोटोवाला! चला, लपू या."

"लपायचं कशाला? ही टोपली धरा. ए फोटोवाल्या, हिकडं ये! हा बग रावस, काड फोटो. पन या खेपेला खवले दिसू देत, भाऊंची नोकरी हाय त्यावर!"