फोडशीच्या मुळ्या

फोडशीला गवत म्हणून हसताय ना, मग हे ऐका. मागच्या पावसाळ्यात मी आणि बायको आमच्या शिरवणे गावामागच्या डोंगरावरून ही रानभाजी पिशवीभर घेऊन आलो. मूगडाळ घालून केली, दोघांनी दाबून खाल्ली आणि वाटीभर खाली घरमालकीण मावशींना दिली. मावशी शिरवण्यातच जन्मलेल्या.

पाच मिनिटांत त्या धापा टाकत वर आल्या. वाटी तशीच भरलेली.

"कशी काढलीस रं ही?"

"कशी म्हणजे? धरून उपटली."

"मुल्यांसकट? सगली?"

"हो. मुळ्या घरी येऊन कापून टाकल्या."

मावशी मटकन खाली बसल्या.

"मावशी, विषारी होती का? आम्ही खाल्लीय हो!"

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. इकडे बायकोला मळमळायला लागलं. मी रिक्षा आणायला चप्पल घातली.

"चला मावशी, हॉस्पिटलला जातो आम्ही."

"कशाला?" त्या खेकसल्या. "तुमाला काय व्हनार नाय. मेली ती भाजी! वरची पात कापायची असते, मुल्या जमिनीत ठेवायच्या. फुडच्या वर्साला तिथं काय उगवंल? कचऱ्याची गाडी आली का?"

"अजून नाही."

मग काय, मी ओल्या कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसलो. मावशी डोक्यावर उभ्या.

"सगल्या काड, आन आताच डोंगरावर लावून ये. नायतर खोली खाली कर."