पाव्हलकचा हुकलेला पाय

— हो हो, तोच मी. लेस्टर पाव्हलक. पोटाकडे काय बघताय, पोट तेव्हाही होतं — त्यातच तर सगळा जोर होता! गांडुळं किती देऊ? डझनभर? मासे पकडायचेत की त्यांना नुसतं आमंत्रण द्यायचंय? दोन डझन घ्या. आणि विचारा, विचारा, ओठांवर आलंय तुमच्या — त्या दिवशी होम प्लेट हुकली कशी? या दुकानात गळ कमी खपतात, हाच प्रश्न जास्त.

बेसबॉलमधलं मला दोनच यायचं — चेंडू स्टेडियमबाहेर घालवायचा, नाहीतर नुसता वारा घालायचा. पळणं? छे! पळायला नको म्हणून तर लांब मारायचो. कोच म्हणायचा, लेस, तू पहिल्या बेसवर पोचेपर्यंत माझी दाढी वाढते रे. तर ती फायनल — शेवटचा डाव, बरोबरी — आणि मी असा हाणला, असा हाणला की चेंडू भिंतीपलीकडे, पार रेल्वेच्या यार्डात! जिंकलोच. आता डुलत डुलत चारही बेसना पाय लावून यायचं, एवढंच काम. बैलालाही जमलं असतं. मला नाही जमलं. शेवटच्या पांढऱ्या पाटीवर, म्हणजे होम प्लेटवर, पडायचा तो पाय पडला शेजारी मातीत. आमची पोरं माझ्या अंगावर, टोप्या हवेत — आणि त्यांचा कॅचर, पाटीमागे बसणारा तो कोल्हा, पंचाकडून नवा चेंडू घेऊन शांतपणे पाटीवर उभा. पंच म्हणाला, बाद! फटका फुकट. पुढे हरलो.

सगळ्यांना सांगितलं, पोरांनी ढकललं. डॉलीलाही तेच. डॉली म्हणजे बायको — हळू बोला, आत फ्रीजर साफ करतेय. तिचा एक खुळा नेम होता — मी बॅट घेऊन उभा राहिलो की ही उठून हॉटडॉगच्या रांगेत. म्हणे, मी बघितलं की तू बाद होतोस. हसू नका, आम्ही सगळेच तसले — जिंकत होतो तोवर मी मोजे धुतले नव्हते. तर हिनं माझा एकही होमरन बघितला नाही. हॉटडॉग मात्र — जाऊ दे, ऐकेल. त्या दिवशी नेमके पाव संपले, दुकान बंद! बिचारी प्रेक्षकांच्या जिन्यात उभी, डोळ्यांवर हात — आणि बोटं फाकवलेली. तिसऱ्या बेसवरून वळलो आणि मला दिसली. बघत होती हो! रडत होती, नाचत होती. मग पायाखाली कोण बघतो? ढकललं बिकललं काही नाही, मी तर —

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तिला तर नाहीच. 'मी बघितलं म्हणून गेलं' असं म्हणत आजवर स्वतःलाच बोल लावत आलीय. आता शनिवारी, स्टेडियम पाडायच्या आधी, मला एक चेंडू मारायला बोलावलंय. ही म्हणते, मी गाडीत बसेन. अहो, मला टाळ्या नकोत, काही नको — एकदा तिनं हात खाली घेऊन बघावं. चेंडू हुकला तरी चालेल! पण तिला काय सांगू — तुझ्याकडेच बघत होतो म्हणून?

काय? माझ्या मागे काय बघताय?

— डॉली. केव्हापासून उभी आहेस? अगं, फ्रीजर उघडा राहिला असेल... रडतेस काय? मारतेस काय फडक्यानं? — काय म्हणालीस? शनिवारी घरूनच जेवून निघायचं? म्हणजे... रांगेत नाही, गाडीतही नाही बसणार?

— अहो, तुम्ही अजून इथेच? घ्या ती गांडुळं, तशीच घ्या. आणि जाताना दार ओढून घ्या. दुकान बंद.